आजीसाठी चाकांवरची खोली

मागच्या दिवाळीत आमच्या दारात एक जुना छोटा हत्ती येऊन उभा राहिला. छोटा हत्ती म्हणजे गल्लीबोळांतून माल पोचवणारा तो लहान टेम्पो. आमचा बंद बॉडीचा आहे. मागे चारी बाजूंनी पत्रा, वर पत्र्याचेच छत आणि मागच्या अंगाला दोन पाखांचे दार. मुलाची कंपनी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशांत थोडे कर्ज घालून तो घेतला. सकाळी कल्याणहून माल भरायचा आणि नेरळ-कर्जतच्या दुकानांना पोचवायचा, हा त्याचा रोजचा क्रम.

आम्ही राहतो शेलूला. कर्जत लोकलने वांगणी सोडली की शेलू, मग नेरळ. मुंबईतली भाड्याची खोली सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा निदान चार भिंती आपल्या म्हणता येतील एवढीच इच्छा होती. घरात आम्ही सहाजण. आम्ही दोघे नवराबायको, मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू आणि आमच्या आई. नातू त्यांना पणजी न म्हणता आजीच म्हणतो, म्हणून आता सगळ्या घराच्याच त्या आजी झाल्या आहेत.

आजींचे वय ७६. दोन्ही गुडघे गेलेले, त्यात साखरेचा आजार. तासाभराला लघवीला जावे लागते. बाईमाणसाचे हे दुखणे कोणी चारचौघांत बोलत नाही, पण त्यापायी त्यांचे घराबाहेर पडणेच संपले होते. एसटीत बसायच्या म्हटले तर आदल्या रात्रीपासून पाणी सोडायच्या. एकदा असेच पाणी न पिता लग्नाला गेल्या आणि मांडवातच चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून चार वर्षे त्या कुठेच गेल्या नव्हत्या. "माझं महाड तेवढं राहिलं बघा," एवढेच अधूनमधून म्हणायच्या. माहेर साताऱ्याकडचे, खटाव तालुक्यातले, सासर मुंबईचे. चैत्यभूमी झाली, नागपूर झाले, पण २० मार्चला महाडला जाणे जमलेच नव्हते.

एके रात्री मुलाने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला एक माणूस माल वाहायचा जुना ट्रेलर विकत घेतो, आतून लाकूड लावतो, पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छोटे न्हाणीघर असे सगळे बसवतो आणि मोटारीच्या मागे ते घर जोडून गावोगाव हिंडतो. नातू म्हणाला, "आपल्या हत्तीत पण आजीचं घर करू." मुलाने ते मनावर घेतले. आम्हीही घेतले. खोटे कशाला सांगा, त्या रात्री आम्ही सगळेच उशिरापर्यंत जागे होतो.

जानेवारीत कामाला लागलो. आधी माप घेतले. आत जेमतेम सात फूट लांबी आणि पाच फूट रुंदी. एक माणूस पाय पसरून झोपेल आणि शेजारी एक बसेल, एवढीच जागा. शेजारच्या सुतारदादांना बोलावले. त्यांनी वहीच्या पानावर नकाशा काढला. डावीकडे फळीचा पलंग, त्याखाली खण, कोपऱ्यात आजींसाठी आडोसा, वर शंभर लिटरची पाण्याची टाकी, दाराजवळ शेगडीचा ओटा.

मग हिशेब केला आणि पहिला धक्का बसला तो वजनाचा. अठरा मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक प्लाय तीस किलोच्या पुढे जातो. तसे पाच-सहा लागणार. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे टाकीचेच शंभर किलो, आणि तेही वर. या जातीच्या गाडीची मालाची ताकद साधारण पाऊण टन. वजन त्यात बसत होते, पण प्रश्न नुसत्या आकड्याचा नव्हता. वजन जितके वर, तितकी गाडी वळणावर कलते आणि अर्धी भरलेली टाकी असेल तर पाणी हिंदकळून आणखी ओढते. सुतारदादांना ठाऊक नव्हते, पण मुलगा रोज माल भरतो, त्याला पक्के ठाऊक होते. टाकी वर नको, जड ते खाली आणि चाकांच्या आसाजवळ, असे ठरले.

दुसरा धक्का उन्हाचा. फेब्रुवारीच्या अखेरीस शेलूला दुपारी ऊन तापते. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. छताला पांढरा रंग द्यावा, आतून थर्माकोल लावावे, समोरासमोर दोन झरोके कापावेत म्हणजे वारा खेळेल, असे बेत झाले. शेगडीचा बेत मात्र सूनबाईने मोडला. ती म्हणाली, "बंद डब्यात गॅस पेटवायचा नाही." तिचे बरोबर होते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. आणि कोंडलेल्या जागेत शेगडी जळत राहिली की विषारी वायू तयार होतो, त्याला वासही नसतो. माणूस झोपेतच जातो. थंडीत दारे लावून शेगडी पेटवणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

तिसरा धक्का आम्ही कधी विसरणार नाही. एका दुपारी नातू खेळता खेळता आत शिरला. बाहेर त्याच्या सवंगड्याने गमतीने दार लोटले आणि कडी सरकवली. अशा गाडीची कडी बाहेरून असते, कारण आत माल असतो, माणूस नव्हे. आम्ही घरात जेवत होतो. पत्र्यावर मुठी आपटल्याचा आवाज आला तेव्हा आधी वाटले, पोरे खेळताहेत. पाचेक मिनिटांनी दार उघडले तर पोरगा घामाने न्हालेला, ओठ सुकलेले, रडायलाही आवाज नाही. त्या दिवशी करवत, खिळे सगळे गुंडाळून ठेवले. आजी कोणाला काही बोलल्या नाहीत. नातवाला मांडीवर घेऊन पदराने वारा घालत राहिल्या.

दोन दिवसांनी मुलगा कागदपत्रांची कामे करणाऱ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे गेला. आर.सी. बुकावर काही नोंद करून घेता येते का, हे विचारायला. त्यांनी जे सांगितले ते आमच्यासारख्या पुष्कळ घरांनी ऐकण्यासारखे आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५२ सांगते की, कंपनीने गाडी जशी बनवली आणि नोंदली, तिच्यात मूळ तपशिलाला छेद जाईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. झोपायच्या सोयीची गाडी कायद्याला मान्य नाही असे नाही. कॅरॅव्हॅन म्हणून अशा गाड्या बनतात, त्यांची रीतसर चाचणी होते, त्यांत पट्ट्यांसह आसने असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पण मालाची गाडी घरच्या घरी ठोकून कॅरॅव्हॅन होत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट विम्याची. मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसांच्या भरपाईला विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. हे ऐकल्यावर आम्हांला आमच्याच नात्यातले लग्न आठवले. वऱ्हाड टेम्पोत भरून निघाले होते, घाटात टेम्पो कलंडला. कोणाचा हात गेला, कोणाचा पाय. वर्षानुवर्षे खेटे घातले, पण विम्याचा एक पैसा मिळाला नाही. टेम्पोवाला बिचारा आपलाच माणूस, त्याने घर विकून थोडेफार दिले.

त्या रात्री घरात वाद झाला. भाचा आला होता, तो म्हणाला, "मामा, कोण बघतंय? सहा डिसेंबरला, एक जानेवारीला सगळे टेम्पोतच बसून जातात. आजीला मागं झोपवा आणि चला." आम्हीही मनातून डळमळलो होतो. इतके दिवस राबलो, प्लाय आणून ठेवला, आजींना शब्द दिला.

उत्तर आजींनीच दिले. म्हणाल्या, "आरं, महाडला कशाला चाललोय आपण? कायदा मोडायला का?"

आम्ही गप्प झालो. खरेच होते ते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यावर दावा झाला. बाबासाहेब न्यायालयात लढत राहिले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तळे सार्वजनिक असल्याचा निकाल दिला. दहा वर्षे लागली. ज्या माणसाने कायद्याच्या बळावर आपल्याला पाणी मिळवून दिले, त्याच्या तळ्याकडे जाताना रस्त्यात पोलिसाला चुकवत जायचे, हे आम्हांलाही पटेना.

मग नवा बेत केला. गाडीला एकही भोक पाडायचे नाही, काही कापायचे नाही, ठोकायचे नाही. आत जे जाईल ते सामान म्हणून जाईल आणि सामान म्हणूनच बाहेर येईल. गाडी चालू असताना मागे चिटपाखरू बसणार नाही. गाडी उभी राहिली की मगच ती खोली.

प्लाय सुतारदादांनी परत घेतला. त्याऐवजी नवारीची घडीची खाट, कापसाची गादी, औषधाच्या दुकानातून कमोडची खुर्ची, तिच्या भांड्याला घट्ट झाकण, एक डबा चुलीची राख, वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, जुन्या साडीचे दोन पडदे, मच्छरदाणी, चार्जिंगचा दिवा आणि छोटा पंखा. छतावर टाकायला ओले करायची दोन गोणपाटे. सगळे माल बांधायच्या कड्यांना पट्ट्यांनी आवळायचे. दाराची दोन्ही पाखे उघडी बांधून ठेवायला दोरी आणि कडीत अडकवायला एक कुलूप. कुलूप उघड्या कडीला लावायचे, म्हणजे ती कोणालाच बाहेरून सरकवता येणार नाही. ही युक्ती सूनबाईची. सगळ्यांचे मिळून वजन शंभर किलोच्या आतबाहेर. खर्च म्हणाल तर मुख्य तो कमोडच्या खुर्चीचा आणि पट्ट्यांचा, बाकी घरातलेच.

आजी कुठे बसणार? पुढे, चालकाशेजारी, पट्टा लावून. त्या गृहस्थांनी हसत सांगितले होते की, मालासोबत मालाचा मालक पुढे बसला तर विम्याच्या कायद्यात त्याला जागा आहे. खाट आजींची, खुर्ची आजींची, गादी आजींची. म्हणजे आजीच मालाच्या मालकीण! हे ऐकून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आले. बाकी आम्ही सारे एसटीने जायचे ठरले.

१९ मार्चला पहाटे टेम्पो निघाला. मुलाने किल्ली फिरवली तोच आजी म्हणाल्या, "थांब. पाणी घेतलंस का रं?"

दोन कॅन भरून ठेवले होते, तरी त्यांनी खात्री करून घेतली. हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. आजी कुठेही निघाल्या की हाच प्रश्न. त्यांच्या लहानपणी खटावकडे जत्रेला, लग्नाला निघायचे तर घरातून मडके भरून घ्यावे लागे. वाटेत विहिरी होत्या, पण आपल्याला कोणी पाणी घालील याची खात्री नव्हती. हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ चा एक प्रवास लिहून ठेवला आहे, तो याच खटाव तालुक्यातला. वडील गोरेगावला नोकरीवर होते. त्यांना भेटायला भीमराव आणि बरोबरची मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. जात कळताच गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. रात्री टोलनाक्यापाशी मुक्काम पडला. डब्यात खायला भरपूर होते, पण घोटभर पाणी मिळाले नाही. घशाखाली घास जाईना. मुले तशीच उपाशी, गाडीत अंथरूण पसरून झोपली.

त्याच्या सोळा वर्षे आधी, १८८५ मध्ये, इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने हौसेने प्रवास करण्यासाठी घोड्यांनी ओढायची एक घरगाडी बनवून घेतली. तिचे नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. सोबत नोकर आणि गाडीवान. हौसेच्या घरगाड्यांची सुरुवात तिच्यापासून झाली असे मानतात. एकाने गाडीत झोपण्यासाठी पैसे मोजले आणि आमच्या लेकरांना दुप्पट पैसे मोजूनही तहानलेले झोपावे लागले. आजींनी पाण्याचे विचारले की आम्हांला आता हे आठवते. त्यांना आम्ही "आता कुठेही पाणी मिळतं" असे म्हणायचे सोडून दिले आहे.

टेम्पो कर्जत, पळसदरी, खोपोली, पाली करत वाकण फाट्याला महामार्गाला लागला. वाटेत चार वेळा थांबला. प्रत्येक वेळी मुलाने सावली पाहून गाडी लावली, दारे बांधली, पडदा सोडला, आजींना हाताला धरून पायरीच्या स्टुलावर चढवले आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला. माणगावच्या अलीकडे आजी तासभर आडव्या झाल्या. ओली गोणपाटे वर, पंखा चालू. लोणेरे आले तेव्हा विद्यापीठाच्या फलकावरचे बाबासाहेबांचे नाव त्यांनी वाचून दाखवायला लावले. पोटभर पाणी पीत पीत केलेला हा त्यांचा कित्येक वर्षांतला पहिला प्रवास.

आम्ही कर्जत-पनवेल-महाड अशी एसटी करून संध्याकाळी पोचलो. गाड्या लावायच्या मैदानात टेम्पो, जीप, बसगाड्यांची दाटी. कोणाच्या चुली पेटलेल्या, कोणाची गाणी चाललेली. आमच्या टेम्पोपाशी गेलो तर आजी खाटेवर बसलेल्या आणि खाली अनोळखी म्हाताऱ्यांचा घोळका. आम्हांला वाटले, गप्पा चालल्या असतील. जवळ गेल्यावर कळले. शेजारच्या गाडीतल्या एका बाईला गुडघ्यांमुळे उकिडवे बसता येत नव्हते आणि ती दिवसभर अडून बसली होती. आजींनी तिला हाक मारली, "ये गं बाय, माझ्याकडं खुर्ची हाय." तिने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला.

त्या रात्री आमच्या खोलीत आम्ही कोणी झोपलो नाही. पाहुण्या म्हाताऱ्या येत राहिल्या. आम्ही दोघी सासवा-सुना भांडे शौचालयात रिकामे करायचो, धुवायचो, राख टाकायचो. पाण्याचे दोन्ही कॅन मध्यरात्रीच संपले. तेव्हा पलीकडच्या बसमधल्या मुलांनी न सांगता भरून आणून दिले. एक आजी जाताना म्हणाल्या, "पुढल्या साली आम्ही बी अशी खुर्ची आणू."

२० तारखेला सकाळी आजींना चाकांच्या खुर्चीवरून तळ्यापर्यंत नेले. गर्दी फार होती. त्यांनी हात जोडले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "चला. पोराला उद्या माल भरायचाय."

वाचकहो, ज्यांच्या घरी टेम्पो आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे. गाडी तोडूफोडू नका. चालत्या गाडीत मागे माणूस बसवू नका, मग ते लग्न असो की जयंती. आत शेगडी पेटवू नका, दार लावून झोपू नका. पण घरात म्हातारी माणसे असतील तर एक घडीची खाट, एक कमोडची खुर्ची, एक पडदा आणि भरपूर पाणी, एवढ्यावर त्यांचा अडलेला प्रवास सुटू शकतो. वस्तीने मिळून असा एक संच करून ठेवला तर एकाच घरावर खर्चही पडणार नाही.

आमचे सामान सध्या पोटमाळ्यावर बांधून ठेवले आहे. खालून छोटा हत्ती रोज पहाटे कल्याणला जातो. आजी ओट्यावर बसून त्याला जाताना बघतात आणि मुलाला तोच प्रश्न विचारतात. तोही आता न चिडता पाण्याची बाटली वर करून दाखवतो.